जुलैत मीठ वाळत नाही: लहान मुलांबरोबर घरी करायचं विज्ञान

मिठाचे स्फटिक, केसांना घासलेल्या कंगव्याने उचललेले कागदाचे कपटे, फुगा भिंतीला चिकटवणं. मुलांच्या प्रयोगांचे व्हिडिओ पाहिले तर पहिल्या दहांत हे तीन असतातच. मुंबईत जुलै महिन्यात तिन्ही फसतात. मूल हिरमुसतं, आईबाबांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकत काही नाही, हवा दमट आहे. म्हणून ४ ते ८ वर्षांच्या मुलाबरोबर काही करायचं असेल तर दोन गोष्टी आधी बघायच्या: मुलाच्या हाताला आज काय जमतं, आणि कॅलेंडरवर कोणता महिना आहे.

आधी हात.

ओतणं, मोजणं आणि थेंब सोडणं या तीन गोष्टी जमल्याशिवाय पुढचं काहीही नीट होत नाही. चार वर्षांच्या मुलाला एका ताटात दोन पेले द्या, एक अर्धा भरलेला. ताट यासाठी, की सांडलेलं पाणी ओट्यावरून जमिनीवर न जाता तिथेच राहतं आणि कोणी ओरडत नाही. आधी तांदूळ, मग पाणी. तांदळाचा ढीग हळू सरकतो, त्यामुळे हात कधी थांबवायचा ते कळतं. पाणी एकदम येतं. दोन-तीन दिवस हा खेळ चालला की औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण द्यायचं. त्यावर ५ आणि १० मिलिच्या रेघा असतात. रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून बघायची ही सवय इथेच लावावी. वरून बघितलं की पाणी जास्त वाटतं.

ड्रॉपरला मात्र वेळ द्यावा लागतो. मुलं ड्रॉपर पाण्यात बुडवतात आणि मग पिळतात. बुडबुडे येतात, मजा वाटते, पण आत पाणी येत नाही. क्रम तोंडाने म्हणत शिकवायचा: पिळ, बुडव, सोड, उचल. ‘सोड’ या शब्दाला पाणी आत चढताना दिसलं पाहिजे, म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा ड्रॉपर घ्या आणि पाण्यात जरासा खाण्याचा रंग टाका. काचेचा नको. सुईशिवायची ५ मिलिची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. ती सहा-सात वर्षांच्या मुलाला बरी, कारण तिच्यावर आकडे असतात.

ड्रॉपर जमला की लगेच नाण्याचा प्रयोग करा. रुपयाचं नाणं साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्याने खळबळा, पुसून ताटात सपाट ठेवा. मुलाला आधी विचारा, यावर किती थेंब राहतील? पाच-सात असं उत्तर येतं. मग एकेक थेंब मध्यभागी, अगदी जवळून सोडायचा आणि मोजायचं. वीसच्या आसपास पोचता पोचता नाण्यावर पाण्याचा फुगीर घुमट तयार होतो. हा घुमट बाजूने बघायला मुलाला ताटाजवळ हनुवटी टेकवायला सांगा. वरून तो दिसतच नाही. मग दुसऱ्या वाटीत पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब मिसळून तेच पुन्हा. या वेळी पाणी खूपच लवकर ओघळतं, कारण पाण्याच्या पृष्ठभागाला जो ताण असतो तो साबणाने कमी होतो. फसतं ते बहुधा एका कारणाने: साबणाच्या वाटीतला ड्रॉपर साध्या पाण्याच्या वाटीत गेलेला असतो. दोन वाट्या, दोन ड्रॉपर. एकावर रबरबँड गुंडाळून ठेवा.

सोडा आणि व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ इथे मुद्दाम सांगितलेला नाही. फेस येतो, टाळ्या पडतात, आणि मुलाने नुसतं बघितलेलं असतं. तो करायचाच असेल तर असा करा: सोडा दर वेळी एक सपाट चमचा, व्हिनेगर आधी ५ मिलि, मग १०, मग २०, आणि फेस पेल्यात कुठवर चढला तिथे स्केचपेनने रेघ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाच वर्षांच्या मुलालाही कळतो, फक्त तो शब्दांत न सांगता असा हातून करून घ्यावा लागतो.

हळदीचा कागद

हा प्रयोग वर्षभर चालतो, खर्च जवळजवळ नाही, आणि याचा अर्धा भाग घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली, साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला, हे कुणी पाहिलेलं नाही?

एक छोटा चमचा हळद, चार छोटे चमचे पाणी. टिपकागद मिळाला तर उत्तम, नाहीतर चित्रकलेचा जाड कागद. गुळगुळीत झेरॉक्सच्या कागदात हळद मुरत नाही, वरच्या वर बसते आणि वाळल्यावर झडते. टिश्यू पेपर मुलाच्या बोटांत फाटतो. ब्रशने एका बाजूला पातळ हात द्या आणि पंख्याखाली सपाट वाळवा. डिसेंबरात तासाभरात वाळतो; पावसाळ्यात चार-पाच तास धरा, किंवा दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा (हे मोठ्यांनी). वाळला की वरची पूड कोरड्या फडक्याने झटकायची आणि साधारण दीड सेंमी रुंद, सहा सेंमी लांब पट्ट्या कापायच्या. कापायचं काम मुलाला द्या. बोथट टोकाची कात्री आणि आधी पट्टीने मारलेल्या रेघा असल्या की पाच वर्षांचं मूल सरळ कापतं.

आता छोट्या वाट्यांत ठेवा: लिंबाचा रस, पाण्यात कालवलेलं दही, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, आणि कपडे धुण्याच्या वडीचा तुकडा घासून केलेलं साबणपाणी. प्रत्येकातला एक थेंब वेगळ्या पट्टीवर. लिंबू, दही, साखर, मीठ यांनी पिवळा रंग तसाच राहतो. साबणपाण्याने लालसर तपकिरी डाग पडतो. खायच्या सोड्याने बहुतेक वेळा नुसती नारिंगी छटा येते आणि मूल म्हणतं, ‘झालंच नाही.’ झालेलं असतं, पण सोडा हा सौम्य आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचा; हळद अशाच पदार्थांनी लाल होते) आहे आणि हळदीचा रंग जिथे पालटतो त्या उंबरठ्यापाशीच तो असतो. म्हणून सुरुवात साबणाने करावी, सोडा नंतर.

खरी गंमत पुढे आहे. लाल झालेल्या डागावर लिंबाचा एक थेंब सोडा. पुन्हा पिवळा. परत साबण, परत लाल. मुलाला इथे थांबवू नका. पंधरा-वीस मिनिटं ते हेच करत राहील आणि तोपर्यंत ड्रॉपर त्याच्या हातात पक्का बसलेला असेल. त्यानंतर घरातले सगळे साबण तपासायचे. धुण्याचा, अंगाचा, शाम्पू, हात धुवायचं लिक्विड. काही अंगाच्या साबणांनी आणि बऱ्याच शाम्पूंनी कागद लाल होत नाही, आणि फेस येतो म्हणजे ते आम्लारीच असणार हा समज तिथे मोडतो. आजी जवळ असेल तर कुंकवाची गोष्ट तिनेच सांगावी: पारंपरिक कुंकू हळदीतच चुन्यासारखा आम्लारी पदार्थ मिसळून लाल करतात. पण मुलाच्या हातात चुना देऊ नका, धुण्याचा सोडाही नको. दोन्ही डोळ्यांत गेले तर इजा करतात.

उरलेल्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या, अंधाऱ्या डब्यात ठेवा. उन्हात हळदीचा रंग उडतो. तोही एक प्रयोगच आहे: एक पट्टी खिडकीत, त्यावर मधोमध नाणं. दोन-तीन दिवसांनी नाणं उचलायचं.

गोकर्णाचा वेल कुणाच्या कुंडीत असेल तर पाच-सहा निळी फुलं अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. निळं पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, सोड्याने हिरवट. हळद फक्त एका बाजूला रंग बदलते, गोकर्ण दोन्ही बाजूंना.

पावसाळा: मोजायचं आणि रुजवायचं

जून ते सप्टेंबर वाळवण्याचे, स्फटिकांचे प्रयोग बंद. त्याऐवजी पाऊस मोजा. त्यासाठी मुंबईइतकं सोयीचं शहर नाही.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, लेबल काढा. बाटलीचा वरचा निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे कापा, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा. (कापणं मोठ्यांचं, पट्टी लावणं मुलाचं.) तळाला पाच खळगे असतात, त्यामुळे तिथलं माप खोटं येतं. तळात वाटीभर बारीक खडी टाका आणि बाटलीच्या बाजू सरळ होतात तिथवर पाणी भरा. तिथे शून्याची रेघ. शून्यावर सेंटिमीटरची कागदी पट्टी उभी चिकटवून वरून पारदर्शक टेप. बाजू सरळ आहेत आणि तोंडही तेवढंच रुंद आहे, म्हणून १ सेंमी पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. हिशेब करावा लागत नाही.

कापलेलं तोंड उलटं करून फनेलसारखं वर बसवा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. बाष्पीभवन कमी व्हावं म्हणून ते असतं. मुंबईच्या जुलैत रोज माप घेणार असाल तर त्याची गरज नाही, उलट ते नडतं: पाणी फनेलच्या नळीपर्यंत चढलं की कडेला हवा अडकते आणि पट्टीवरचा आकडा चुकतो. इथे पाणी तिथवर एका रात्रीतही चढू शकतं.

जागा महत्त्वाची. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेलं मापक वरच्या छज्ज्याचं टपटपणारं पाणी मोजतं. गच्ची हवी, भिंतीपासून दूर, आणि बाटली दोन विटांच्या मध्ये बांधलेली, नाहीतर पहिल्या वाऱ्यात आडवी. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मिळवणं हा या प्रयोगातला सगळ्यात अवघड भाग असतो. गच्चीवर मूल कधीही एकटं नको, आणि विजा चमकत असताना कुणीच नको.

माप रोज सकाळी साडेआठला घ्या, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मग त्या दिवशीचे कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे बातम्यांत बघून वहीत शेजारी लिहायचे. तुमचा आकडा दोन्हींशी जुळणार नाही आणि मूल म्हणेल आपलं चुकलं. तेव्हा त्याला २६ जुलै २००५ चे आकडे सांगा: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिमी. एकाच शहरात. ९४४ मिमी म्हणजे किती, ते भिंतीवर मोजपट्टीने खूण करून दाखवा. साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याइतकी ती येते. माप घेतल्यावर बाटली ओतून द्या आणि शून्यापर्यंत ताजं पाणी भरा. चार दिवस तसंच राहिलं तर त्यात डासांच्या अळ्या होतात.

मटकी. मोड आणायला शिकवायची गरज कोणत्याच मराठी घराला नाही, पण तिचा प्रयोग करायचा असेल तर दाणे मोजून घ्यावे लागतात. वीस-वीस दाण्यांचे चार गट, चार वाट्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. पहिली कोरडी. बाकी तीन गट रात्रभर, आठ-दहा तास भिजवलेले. त्यातला एक ओल्या फडक्यात ओट्यावर, एक ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये, आणि एक पाण्यात बुडवूनच ठेवलेला. दर बारा तासांनी किती दाण्यांना मोड आला ते मोजायचं.

फडक्यातल्यांना संध्याकाळपर्यंत मोड दिसतो. फ्रिजमधले जवळजवळ जसेच्या तसे. बुडवलेल्यांपैकी काहींना टोक फुटतं आणि मग ते थांबतात. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस, आंबूस वास. बीजालाही श्वास घ्यायला हवा लागते, आणि साचलेल्या पाण्यात ती पुरेशी मिळत नाही. वास मुलाला घ्यायला लावा, ती नोंदच आहे. मग फ्रिजमधली वाटी बाहेर काढून ठेवा. ते दाणे मेलेले नव्हते, थांबलेले होते, हे मुलाला दुसऱ्या दिवशी आपोआप दिसतं.

वीसपैकी एखाददोन दाणे भिजूनही टणक राहतात. हेच ते गणंग, जे उसळीत दाताखाली येतात. वरचं टरफल पाणी आत जाऊ देत नाही. नखकापणीच्या कानशीने अशा दाण्याचं टरफल एका बाजूला जरा घासून पुन्हा भिजवा. फुगला की मुलाला सांगायला काही उरत नाही.

फडकं पावसाळ्यात चिकट होऊन मटकीला वास येऊ लागला तर पाणी जास्त झालं आहे. घट्ट पिळूनच बांधावं. प्रयोगाची मटकी उसळीत टाकू नका.

मूळ खालीच का जातं, यासाठी राजमा किंवा पावटा घ्या. काचेच्या पेल्यात आतून ओला टिश्यू, टिश्यू आणि काच यांच्यामध्ये दाणा. मूळ दोन-तीन सेंमी झालं की पेला आडवा करून ठेवा. दिवसाभरात टोक वळून पुन्हा खाली जातं. वळताना ते बघायचं असेल तर काचेवर मार्करने दर तीन तासांनी टोकाशी ठिपका द्या.

सावली

मुंबईत सूर्य वर्षातून दोन दिवस दुपारी नेमका डोक्यावर येतो: मेच्या मध्याला, १५-१६ तारखेच्या सुमारास, आणि जुलैच्या शेवटी २७-२८ ला. जुलैत ढग असतात, त्यामुळे मेचा दिवस धरायचा. शाळेला सुट्टीही असते. सपाट बुडाचा, १० सेंमी उंच सरळ डबा किंवा पाइपचा तुकडा गच्चीत ओळंब्यात उभा करा. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट. सकाळी साडेअकरापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सावली बाराला नाही, साधारण बारा पस्तीसला नाहीशी होते. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य इथे उशिरा माथ्यावर येतो. सहा वर्षांच्या मुलाला रेखांश सांगू नका. ‘बाराला नाही’ एवढं त्याने स्वतः पाहिलं की पुरे. तोच १० सेंमीचा डबा २१ डिसेंबरला ठेवला तर दुपारची सर्वांत लहान सावलीसुद्धा ९ सेंमीच्या आसपास पडते. मेमध्ये गच्चीची फरशी तापते, चपला घालून जा आणि सूर्याकडे थेट बघू देऊ नका.

चौपाटीवरचं काळं

दादर, गिरगाव किंवा जुहूच्या वाळूत काळे कण असतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा. काळी मिशी उगवल्यासारखी दिसते. हे बहुतांशी लोहयुक्त खनिजाचे कण आहेत, इथल्या काळ्या बेसाल्ट खडकांतून झिजून आलेले. पिशवी विसरलात तर ते कण चुंबकावरून कधीच निघत नाहीत. पिशवी उलटी करून कण दुसऱ्या पिशवीत घ्यायचे, मग चुंबक बाहेर. चुंबक जुन्या स्पीकरचा, मोठा आणि काळा घ्या, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. छोटे चकचकीत, फार ताकदीचे चुंबक लहान मुलांच्या घरात नकोच: दोन गिळले तर आतड्याची घडी मध्ये पकडून ते चिकटतात. रिमोटमधल्या बटण-सेललाही हाच नियम. ओहोटीची वेळ बघून जा. आज ज्या वेळी ओहोटी आहे, उद्या ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा असेल.

दिवा पेटवायचा असेल तर पेन्सिल सेल दोन, झाकणवाला सेल-होल्डर, एक लाल एलईडी आणि तो जळू नये म्हणून मध्ये जोडायला १०० ओहमचा रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडवर सगळं सुटं मिळतं. एलईडी लागला नाही तर पाय उलटे करा. लांब पाय धनाकडे. घरातल्या प्लगजवळ हा खेळ मांडू नका.

थंडी

आता मीठ. पाऊस संपून हवा कोरडी झाली, डिसेंबर ते फेब्रुवारी, की १०० मिलि गरम पाण्यात खडामीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. साधारण ३६ ग्रॅम जातं. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते, तिने पाणी गढूळ होतं. गाळून काचेच्या किंवा चिनी मातीच्या उथळ बशीत ओता. स्टीलच्या ताटलीला मीठ डाग पाडतं. एक बशी उन्हात, एक सावलीत. उन्हातली लवकर वाळते आणि पांढरा चुरा होतो, सावलीतलीत चार-पाच दिवसांनी चौकोनी ठोकळे दिसतात. भिंग द्या. बशी हलवली की बारीक बारीक कण होतात, म्हणून ती कपाटावर हवी.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असली की मीठच हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत बशी कितीही दिवस ठेवली तरी म्हणूनच काही होत नाही. भांडुप-कांजूरच्या बाजूला पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना मिठागरं दिसतात. तिथेही मीठ पावसाच्या आधीच निघतं.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जायचं तर याच दिवसांत जा, कारण तिथल्या बागेतल्या उघड्यावरच्या उपकरणांवर मुलांना मनसोक्त चढता-खेचता येतं. एका फेरीत चार-पाच गोष्टीच बघा. पन्नास बटणं दाबून आलेल्या मुलाला त्यातलं एकही आठवत नाही.

आणि कंगवा. जानेवारीतली कोरडी दुपार, प्लास्टिकचा कंगवा, टिश्यूचे चणाडाळीएवढे कपटे. वीस वेळा केसांतून फिरवायचा आणि कपट्यांपासून दोन सेंमीवर धरायचा. कागद टेबलाला चिकटून राहिले तर टेबल ओलं आहे. काहीच हललं नाही, तर मुलाच्या डोक्याला हात लावून बघा. तेल असेल तर आज नाही, न्हाणं झाल्यावर उद्या.